सही तुमची होती, खोटं माझं

हमीदभाई,

मशिदीच्या अंगणात तुमचा जनाजा ठेवला होता, तेव्हा इरफाननं सगळ्यांकडे तोंड करून विचारलं, "अब्बांनी कुणाला दुखावलं असेल, कुणाचा हक्क त्यांच्यावर राहिला असेल, तर आज माफ करा. नाहीतर मला सांगा. मुलगा म्हणून आता ते माझ्यावर आहे."

मी मागे, चपलांच्या ढिगाजवळ उभा होतो. डोक्याला रुमाल बांधला होता. कंपनीतले आणखी आठ-दहा जण होते. मला वाटलं, तुमच्यासारख्या माणसावर कुणाचा काय हक्क राहणार, कुणी काही बोलणार नाही. तेवढ्यात डावीकडून एक हात वर आला. तो कोपरापासून थरथरत होता. तुम्ही सांगायचात तसाच, म्हणून मी ओळखला. बालाजी.

"मी," तो म्हणाला. पुढचा शब्द यायला वेळ लागला. लोक थांबले. "मी माफ केलं. हमीदभाईला."

एका म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इरफान ओठ दाबून रडायला लागला. मग सगळे रांगा धरून नमाजाला उभे राहिले. मी दहा पावलांवर होतो, हमीदभाई. मला एवढंच म्हणायचं होतं, की थांबा, माफी चुकीच्या माणसाला दिली जातेय. म्हटलं नाही. तुम्हाला खांदा दिला, मूठभर माती टाकली, तळवलीला घरी आलो, आंघोळ केली आणि जेवलो. जेवण गेलं, हेही तुम्हाला सांगून टाकतो.

तुमच्याशी मी सहा वर्षं सरळ बोललो नाही. आता तुम्ही मध्येच थांबवणार नाही, म्हणून बोलतोय.

तुम्ही मला पहिल्यांदा ओरडलात तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. जमीन गेली होती, तिच्या बदल्यात नोकरी मिळाली होती, आणि कंपनी आपल्याच शेतावर उभी आहे अशी घमेंड होती. एका रिकाम्या टाकीचं झाकण उघडं दिसलं, म्हणून मी पाय आत टाकला. तुम्ही मागून माझी कॉलर धरलीत.

"कुणी सांगितलं आत जायला?"

"मोकली हाय ना टाकी," मी म्हटलं.

"मोकळी आहे हे तुला कोण म्हणालं? टाकी म्हणाली?"

मग तुम्ही हवेतला ऑक्सिजन मोजायचं मीटर आणलंत, दोरीला बांधून आत सोडलंत, तीनदा वेगवेगळ्या खोलीवर थांबवलंत, आकडे लिहिलेत आणि मग परमिटवर सही केलीत. परमिट म्हणजे आत माणूस उतरवायची परवानगी, ते तुम्हीच शिकवलंत. फिटर म्हणून लागलेले तुम्ही, सेफ्टीत शिकत शिकत वर आलेले. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत विचारलंत, "दामू, सही म्हणजे काय रे?"

"नाव लिहिणं."

"नाव शाळेतलं पोरपण लिहितं. सही म्हणजे गवाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, म्हणून सांगतो. न बघता दिलेली गवाही खोटीच, मग आत सगळं ठीक का असेना. वर गेल्यावर मला हे विचारणार आहेत, किती माल काढलास ते नाही."

आम्ही हसायचो. तुम्हाला 'परमिटवाले पीर' म्हणायचो. तुमच्या सहीसाठी तासतास काम अडायचं, साहेब चिडायचे. पण टाकीत उतरणारी कंत्राटी माणसं, बिहारची असोत की लातूरची, शिडीवर पाय ठेवण्याआधी एकच विचारायची, "हमीदभाईंनी बघितलं का?" साहेबांनी बघितलं का, असं कुणी कधी विचारलेलं मला आठवत नाही.

रमजानमध्ये आम्ही तुमच्यापासून चहा लपवायचो. तुम्ही रागावायचात. "पी की समोर. तुझ्या चहानं माझा रोजा तुटत असेल तर तो रोजा कसला?" एकदा उन्हाळ्यात बॉयलरच्या बाजूला काम आलं, तेव्हा मी म्हटलं, आज दुसऱ्या कुणाला पाठवतो. तुम्ही म्हणालात, "रोजा माझा आहे, कंपनीचा नाही. तिला पूर्ण माणूस पाहिजे." आणि गेलात. पंपांच्या मागच्या त्या कोपऱ्यात पुठ्ठा टाकून तुम्ही दुपारची नमाज पढायचात. घाई नाही, दिखावा नाही. मी देवाचं फारसं करणारा नाही, पण तुम्ही तिथून उठून आलात की मला बरं वाटायचं. का, ते मी कधी शोधलं नाही.

जुम्म्याला, शुक्रवारच्या दुपारी, मात्र तुम्ही मशिदीत जायचात. तुम्ही आणि कंपनीतले दुसरे दोघे. तासभर. कुठल्या कागदावर नव्हतं ते, पण साहेबांचं हो होतं आणि तुम्ही तेवढा वेळ संध्याकाळी भरून काढायचात.

आता त्या शुक्रवारचं. तुम्हाला माहीत आहे ते सगळं, पण मी ते कुणाला नीट सांगितलेलं नाही, त्यामुळे सांगायची सवय व्हायला हवी.

सॉल्व्हंटची मोठी टाकी धुवायची होती. संध्याकाळपर्यंत ती परत भरायची होती आणि साहेब सकाळपासून दोनदा येऊन गेले होते. आदल्या शुक्रवारी एका गळक्या पंपामुळे तुमचा जुम्मा चुकला होता. आठवडाभर तुम्ही त्याबद्दल काही बोलला नाहीत, पण मला दिसत होतं. तुम्ही मीटर खिशात घेऊन टाकीपाशी आलात तेव्हा मशिदीत निघायची वेळ झाली होती. आत उतरणारा कंत्राटी माणूस, बालाजी, कमरेला पट्टा बांधून तयार उभा होता.

मी म्हटलं, "मी बघितलंय हमीदभाई. ऑक्सिजन वीस पॉइंट नऊ. एकदम ओके. तुमी जा, उशीर होईल."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "आत्ता बघितलंस?"

"हो. आत्ता."

मी बघितलं होतं ते आदल्या संध्याकाळी. तेव्हा खरंच वीस पॉइंट नऊ होतं. माझ्यानंतर आलेल्या पाळीनं वाफ काढायला परत नायट्रोजन सोडला, हे मला माहीत नव्हतं. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. माणूस आत जातो, दोन श्वास घेतो आणि पडतो. हे सगळं मला तुमच्याकडूनच ठाऊक होतं. तरी मी 'आत्ता' म्हणालो. मला काम पुढे ढकलायचं होतं. आणि खरं सांगतो, तुम्हाला तुमचा जुम्मा मिळावा असंही वाटत होतं. त्या दोनातलं जास्त कुठलं होतं, हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता उत्तरावर विश्वास बसत नाही.

तुम्ही सही केलीत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, न बघता. माझ्यावर विसंबून.

बालाजी पाचव्या पायरीवर पडला. तुम्ही सक्तीनं लावायला लावलेल्या दोरीमुळे आम्ही त्याला वर ओढू शकलो. ओठ निळे झाले होते; जीव वाचला, पण मेंदूला हवा कमी पडली होती. तुम्ही गेटातून आत आलात तेव्हा अँब्युलन्स बाहेर निघत होती. टोपी तुमच्या हातात होती. तुम्ही मला काही विचारलं नाहीत, फक्त टाकीपाशी गेलात, मीटर आत सोडलंत आणि आकडा बघत उभे राहिलात.

चौकशी झाली. तुम्हाला आधी बोलावलं. दार उघडंच होतं आणि मी बाहेर बाकावर होतो.

"मीटर लावलं होतं?"

"नाही. मी लावलं नाही."

"मग सही कशी केलीत?"

"केली. सही माझी आहे."

"कुणी सांगितलं होतं का, की आत ठीक आहे?"

तुम्ही म्हणालात, "साहेब, सहीला दुसरं कुणी नसतं."

माझी पाळी आली. मी म्हटलं, "परमिट हमीदभाई बघतात. मला सही दिसली, मी माणूस उतरवला." त्यात एकही शब्द खोटा नव्हता. असं खोटं बोलणं मला आधी कधी जमलं नव्हतं.

तुम्हाला परमिटवरून काढून स्टोअरमध्ये टाकलं, हातमोजे आणि बूट वाटायला. रिटायर होईपर्यंत तिथेच. पण तुम्हाला खरं जे लागलं ते वेगळंच होतं. कँटीनमध्ये बोलणं सुरू झालं. "नमाजाच्या घाईत माणूस मारला असता." "यांना धर्म आधी, मग ड्युटी." तुमच्या हातचं मीटर बघून शिडी उतरलेली माणसं हे बोलत होती. मी त्याच टेबलावर बसून भात कालवत होतो. दोन महिन्यांत जुम्म्याचा तास बंद झाला. तुमचाच नाही, त्या दोघांचाही. एकानं नोकरी सोडली.

त्यानंतर मी स्टोअरमध्ये आलो होतो. आठवतं? तुम्ही बुटांचे नंबर लावत होतात.

"हमीदभाई, मला माफ करा."

"माझ्यापुरतं त्याच दिवशी सोडलं," तुम्ही बुटाकडेच बघत म्हणालात. "पण बालाजीचं माफ करायला मी कोण? अल्ला स्वतःचं माफ करतो, दामू. बंद्याचं, माणसाचं, त्यानं बंद्यावरच सोडलंय. बालाजीकडे जा. मी जातो, तसा तूही जा."

"काय सांगू त्याला?"

"जे झालं ते."

मी गेलो नाही. बालाजी राहतो त्या करंजाड्याला जाणारी बस कुठून सुटते हे मला माहीत होतं, तरी गेलो नाही. मुलीचं लग्न ठरत होतं, मी सेक्शनचा इनचार्ज होणार होतो. प्रत्येक महिन्याला एक कारण होतं. आणि तुम्ही प्रत्येक महिन्याला विचारायचात. मला तुमचा राग यायला लागला. पुढच्या वर्षी एकदा मी स्टोअरच्या खिडकीत तोंड घालून भांडलोच तुमच्याशी.

"तुमी माझा नाव का नाय घेतला? घेतला असता तर मी सुटलो असतो एकदाचा!"

"मी न बघता सही केली. त्यात तुझं नाव कुठं येतं?"

"आणि ते दोघं? त्यांचा जुम्मा गेला. लोक नमाजाला नावं ठेवतात. तुमी गप्प बसलात म्हणून. मला वाचवायला तुमी त्यांचा हक्क दिलात. तो द्यायचा हक्क तुमाला व्हता?"

मी ते तुम्हाला दुखवायला म्हणालो होतो. पण तुम्ही हातातला बूट खाली ठेवलात. मग म्हणालात, "हे मला रोज टोचतं. मला वाटलं होतं, तू आठ दिवसांत स्वतः जाशील. तुझ्या तोंडून निघावं म्हणून थांबलो. चुकलो असेन. आता मी सांगायला गेलो, तर स्वतःला वाचवतोय असं होईल."

आपला वाद तिथेच राहिला. मला अजून वाटतं की तुम्ही चुकलात. तुमच्या चुकीतला कणसुद्धा तुम्हाला दुसऱ्याच्या नावावर नको होता, आणि त्याची झळ भलत्यांना बसली. पण हे बोलायचा अधिकार जगात ज्या एकाच माणसाला नाही, तो मी आहे.

दोन महिन्यांपूर्वी तुम्ही घणसोलीच्या बसस्टॉपवर उभे होतात. हातात केळ्यांची पिशवी. रविवार होता, म्हणजे करंजाड्याला निघाला होतात. मी मोटरसायकलवर होतो. तुम्ही हात केलात. मी हेल्मेटची काच खाली केली आणि पुढे गेलो. मी ओळखलं नाही असं तुम्हाला वाटावं म्हणून. तुम्हाला तसं वाटलं असेल, असं मला कधीच वाटलं नाही.

मयतीनंतर चौथ्या दिवशी मी तुमच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावरचे ते चार महिने, परक्या पुरुषासमोर यायच्या नाहीत, हे मला माहीत होतं. त्या आतल्या खोलीत पडद्यामागे बसल्या आणि इरफान माझ्यासमोर. मी सगळं सांगितलं. संध्याकाळचं मीटर, माझा शब्द, चौकशी, कँटीन. पडदा हलला नाही. मग भाभींचा आवाज आला.

"त्यांनी तुला विचारलं होतं? सही करण्याआधी?"

"हो भाभी. विचारलं होतं."

"आणि तू हो म्हणालास."

"हो."

नंतर त्या बोलल्या त्या मला की स्वतःला, कळलं नाही. "सहा वर्षं मी त्यांना म्हणत आले, निदान कुणाला विचारायचं तरी होतं. शुक्रवार आला की मी म्हणायचे. ते मान हलवायचे. म्हणायचे, हो, चुकलं."

इरफान उठला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. परत आत आला नाही. मीच माझी चप्पल शोधून निघालो.

त्या ऐकवण्यानं तुमचं घर फुटलं नाही, एवढं मला दिसलं. पण माझ्यामुळे तुमच्या बायकोनं तुम्हाला सहा वर्षं ऐकवलं, आणि ते तुम्ही ऐकून घेतलंत, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या खोट्याची एवढी लांब पोच असेल असं मी कधी धरलं नव्हतं. कंपनीच्या गेटापर्यंत, फार तर बालाजीच्या दारापर्यंत, एवढंच धरत होतो.

सोमवारी कंपनीत दोन पानं लिहून दिली. साहेब नवीन आहेत. वाचून म्हणाले, "दामोदर, माणूस गेला. आता हे कशाला?" मी म्हटलं, पोच द्या. त्यांनी शिक्का मारला आणि पानं ड्रॉवरमध्ये ठेवली. जुम्म्याच्या तासाचंही विचारलं. बघू म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये उभा राहून सांगितलं. अर्ध्यांना ती गोष्टच ठाऊक नव्हती, नवी पोरं. जुन्यांपैकी एकानं ताट उचललं आणि दुसऱ्या टेबलावर गेला. तुमच्याच गल्लीतला तो दुसरा, ज्याचा तास गेला होता, तो फक्त म्हणाला, "बहुत देर कर दी, दामूशेठ." बरोबर बोलला.

आणि काल करंजाड्याला गेलो.

दुसऱ्या मजल्यावर एक खोली. दारातच शिवणयंत्र. बालाजीची बायको सविता ब्लाऊजना हुक लावत होती. मी कंपनीतला म्हटल्यावर तिनं पाणी दिलं. बालाजी भिंतीला टेकून बसला होता. तुम्ही सांगायचात तसाच आहे अजून. हात हलतो, शब्द मागे राहतात, कालचं काही काही विसरतो. पण त्या दिवसाआधीचं सगळं लख्ख आठवतं. मला बघून म्हणाला, "दामूभाऊ."

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. सांगताना सविताकडे बघायचं टाळत होतो, पण तिचा हात थांबलेला दिसत होता. माझं झाल्यावर तीच आधी बोलली.

"पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांच्या अंगावर पाणी फेकलं होतं," ती म्हणाली. "धुण्याचं. जिन्यात उभे राहिले तसेच. शेजारी बघत होते. मी म्हटलं, तुझ्या नमाजापायी माझा नवरा कामातून गेला, पुन्हा तोंड दाखवू नको. पुढच्या महिन्यात परत आले." तिनं माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही कुठं होता?"

तळवलीला होतो. घरी होतो.

बालाजीला बोलायचं होतं. तोंड उघडायचा, मिटायचा. सविता थांबली, मीही थांबलो. मला वाटत होतं की आता शिवी येईल, आणि ती यावी असं फार वाटत होतं.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "ते आले की मी... भिंतीकडे तोंड करायचो. ते इथं बसायचे. केळं सोलून द्यायचे. मी घ्यायचो नाही." परत थांबला. "त्या दिवशी मी माफ केलं म्हणालो. सगळ्यांपुढं. मोठा होऊन." त्यानं हलणारा हात दुसऱ्या हातानं मांडीवर दाबून धरला. "त्यांचं काही नव्हतंच. मग मी जे केलं त्यांना... त्याची माफी आता मी कुणाकडं मागू?"

हमीदभाई, तुम्हीच म्हणाला होतात, बंद्याचं बंद्याकडेच मागायचं. बंदा गेला तर काय करायचं, हे मी तुम्हाला विचारून ठेवलं नव्हतं. तुमच्यावर मी अन्याय केला हे मला माहीत होतं. पण एका बिचाऱ्या आजारी माणसाला आणि त्याच्या बायकोलाही मी तुमचे अपराधी करून ठेवलंय, हे मला काल कळलं.

माझ्या माफीचं तो काही बोलला नाही. मीही मागितली नाही. मागायला तोंड उघडलं असतं तर ते त्याच्या दुःखावर पाय देऊन उभं राहिल्यासारखं झालं असतं. निघताना त्यानं विचारलं, "मला त्यांच्या कबरीपाशी न्याल?"

सविता म्हणाली, "मीपण येणार. बायकांना कबरस्तानात सोडत नसतील तर गेटाबाहेर थांबीन."

येत्या परवाची मी सुट्टी टाकली आहे. दोघांना घेऊन तुमच्याकडे येतोय. बालाजीला जिना उतरायला फार वेळ लागतो, तेव्हा आम्हाला उशीर होईल. त्याला जे म्हणायचं ते तो म्हणेल. शब्द यायला वेळ लागेल त्याला. मी लांब उभा राहीन.